चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

बाबांच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी मी आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी, जेवणाच्या टेबलावर करून घेतली. २०२१ सालचा हिवाळा होता. शंभर प्रश्नांची शंभर कार्डं केली होती, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर, दोन्ही मराठीत. वय पंचावन्नच्या पुढे आणि ग्रीन कार्डावर पंधरा वर्षं झाली असतील, तर ही परीक्षा आपल्या भाषेत, दुभाषा घेऊन देता येते. बाबा दोन्ही अटींत बसत होते. पण ते सगळे प्रश्न आधी मराठीत आणणं माझ्याकडे आलं आणि त्यातल्या चौदाव्यावर आम्ही चार संध्याकाळी घालवल्या.

प्रश्न असा: सरकारची एखादी शाखा डोईजड होऊ नये म्हणून तिला काय आवरतं? अधिकृत उत्तर ‘चेक्स अँड बॅलन्सेस’, किंवा ‘सत्तेची विभागणी’ म्हटलं तरी चालत होतं. मी कार्डाच्या मागे ‘नियंत्रण आणि संतुलन’ असं लिहिलं होतं. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “हे उत्तर नाही गं. हे नुसतं नाव झालं. आवरतं कोण आणि कसं, ते सांग.”

बाबांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. कागद कुणाच्या टेबलावरून कुणाच्या टेबलावर जातो, शेरा कोण मारतं, शेवटची सही कुणाची, हे कळल्याशिवाय त्यांना काही कळल्यासारखं वाटत नाही. मी नेहमीचं सांगून पाहिलं. कायदा काँग्रेस करते (इथली काँग्रेस म्हणजे संसद, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करावं लागलं), सही राष्ट्राध्यक्ष करतात, आणि कायदा घटनेत बसतो की नाही ते न्यायालय ठरवतं. ते म्हणाले, “ही सगळी वरची मंडळी झाली. या तिघांच्या हातून गेलेली एखाद्या साध्या माणसाची फाईल दाखव मला.”

तशी फाईल आहे. मी गेली बारा वर्षं इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहाय्यक, म्हणून काम करते, आणि आमच्या धंद्यात हे नाव सगळ्यांना माहीत असतं: जगदीश राय चढ्ढा.

चढ्ढा जन्माने केनियातले, वंशाने भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ साली विद्यार्थी व्हिसावर ते अमेरिकेत आले. ३० जून १९७२ ला व्हिसाची मुदत संपली आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात नोटीस आली, तुम्हाला देशाबाहेर का काढू नये याचं कारण दाखवा. मुदत संपल्याचं त्यांनी कबूल केलं आणि डिपोर्टेशन स्थगित करावं असा अर्ज केला. कायद्यात तशी सोय होती. सलग सात वर्षं वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि देशाबाहेर काढल्यास होणारे पराकोटीचे हाल, एवढं सिद्ध करायचं. २५ जून १९७४ रोजी इमिग्रेशन जजने अर्ज मान्य केला.

“जजने ऑर्डर दिली ना? मग मिटलं,” बाबा म्हणाले.

नाही मिटलं. आमच्या ऑफिसात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की इमिग्रेशन जज म्हणजे न्यायशाखा. तो जज न्यायखात्याचा, म्हणजे त्या खात्याचे प्रमुख असलेल्या ॲटर्नी जनरलच्या हाताखालचा असतो, आणि ॲटर्नी जनरल राष्ट्राध्यक्षांचे. अंगावर काळा झगा असला तरी तो कार्यकारी शाखेचा माणूस. संघराज्याच्या खऱ्या न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट, म्हणजे काँग्रेसचं वरचं सभागृह, मान्यता देतं, आणि मग त्याला महाभियोगाशिवाय कुणी खाली उतरवू शकत नाही. त्यामुळे चढ्ढांच्या बाजूने तोवर फक्त एका शाखेने कौल दिला होता.

त्या कायद्यात एक मेख होती. ॲटर्नी जनरलने कुणाचं डिपोर्टेशन थांबवलं, तर त्याचा अहवाल काँग्रेसकडे पाठवायचा. दोन सभागृहांपैकी कुठल्याही एकाने ठराविक मुदतीत विरोधाचा ठराव केला की ती सवलत रद्द. यामागे जुना इतिहास होता. आधी एकेका परदेशी माणसाला वाचवायचं तर काँग्रेसला त्याच्या एकट्याच्या नावाने खाजगी विधेयक मंजूर करावं लागे. तो भार पुढे कार्यकारी शाखेकडे दिला, पण दोरीचं एक टोक काँग्रेसने स्वतःच्या हातात ठेवलं. असा सभागृहाचा व्हेटो १९३२ पासून, राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या काळापासून चालत आला होता आणि तो इतरही कितीतरी कायद्यांत घातलेला होता.

दीड वर्ष काहीच घडलं नाही. मग १२ डिसेंबर १९७५ ला प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, इमिग्रेशन उपसमितीचे अध्यक्ष जोशुआ आइलबर्ग यांनी एक ठराव मांडला. समितीने ३४० प्रकरणं पाहिली आहेत आणि त्यातली सहा माणसं हालांच्या निकषात बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्या सहांत चढ्ढांचं नाव होतं. १६ डिसेंबरला ठराव मतदानाला आला तेव्हा त्याची छापील प्रतसुद्धा सदस्यांना मिळालेली नव्हती. चर्चा झाली नाही. कुणी कसं मत दिलं याची नोंद नाही. १९ डिसेंबरला अधिवेशन संपणार होतं, म्हणजे अजून तीन दिवस गेले असते तर सभागृहाचा अधिकारच संपला असता आणि चढ्ढा सुटले असते.

या जागी माझा घसा दरवेळी कोरडा पडतो. सुनावणीच्या आदल्या दिवशी माणसं कशी येतात ते मी रोज बघते. भाड्याच्या पावत्या, पगाराच्या स्लिपा, मुलांची शाळेची प्रगतिपुस्तकं, शेजाऱ्यांची पत्रं, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून आणलेलं. चढ्ढांनी जजसमोर आपली बाजू मांडली होती, पुरावे दिले होते, जजने ते तपासून निकाल दिला होता. आणि तो निकाल ज्यांनी पुसला, त्यांनी चढ्ढांना कधी समोर बोलावलंच नव्हतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “तो ठराव वरच्या सभागृहात गेला का?” नाही. “राष्ट्राध्यक्षांच्या सहीला?” नाही. “मग तो कायदा कसा झाला?”

चढ्ढांचे वकील ॲलन मॉरिसन यांनी न्यायालयात जे विचारलं ते जवळपास हेच होतं.

पुढे जे झालं त्यात या तिन्ही शाखा एकमेकींशी कशा वागतात ते मला सगळ्यात स्पष्ट दिसतं. चढ्ढांना देशाबाहेर काढायला निघालेलं इमिग्रेशन खातं न्यायालयात म्हणालं की आमचंही मत हेच आहे, हे कलम घटनाबाह्य आहे. वादी-प्रतिवादी एका बाजूला आले! तेव्हा कायद्याचा बचाव करायला सिनेट आणि प्रतिनिधीगृह स्वतःचे वकील घेऊन उभे राहिले. एका विद्यार्थ्याच्या व्हिसाचा प्रश्न बघता बघता काँग्रेस विरुद्ध कार्यकारी शाखा असा झाला आणि निवाडा तिसरीकडे आला. १९८० च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने चढ्ढांच्या बाजूने निकाल दिला. तो लिहिणारे अँथनी केनेडी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयात १९८२ साली फेब्रुवारीत युक्तिवाद झाला, डिसेंबरात तो पुन्हा ऐकला गेला, आणि २३ जून १९८३ ला निकाल लागला. सात विरुद्ध दोन, चढ्ढा जिंकले. जजच्या पहिल्या ऑर्डरीपासून नऊ वर्षांना दोन दिवस कमी.

सरन्यायाधीश बर्गर यांनी बोट ठेवलं ते घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातल्या सातव्या कलमावर. कुणाचे हक्क आणि कर्तव्यं बदलणारं काम काँग्रेसला करायचं असेल तर दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी आणि मग तो कागद राष्ट्राध्यक्षांसमोर गेला पाहिजे. एकट्या सभागृहाची पळवाट चालणार नाही. न्यायमूर्ती पॉवेल यांनी निकालाला संमती देताना कारण वेगळं लिहिलं. एका विशिष्ट माणसाच्या प्रकरणाचा फैसला करणं हे न्यायालयाचं काम आहे, आणि ते करताना आरोपीला जी संरक्षणं मिळतात ती सभागृहात कुणाला मिळत नाहीत. मला पॉवेल यांचं म्हणणं जास्त जवळचं वाटतं. बर्गर यांच्या तर्कात कागदाची वाट आहे, पॉवेल यांच्या तर्कात माणूस आहे.

बाबांना मात्र बर्गर पटले. “सही नाही, तर कागद कोरा.”

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण न्यायमूर्ती व्हाइट यांचं विरोधी मत मी त्यांना सांगितलं नसतं तर गोष्ट अर्धीच राहिली असती, आणि सांगितल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. व्हाइट म्हणाले की या एका निकालाने जवळपास दोनशे कायद्यांतली अशी तरतूद उडते. काँग्रेसने मोठमोठे अधिकार राष्ट्राध्यक्षांना आणि खात्यांना दिले ते या दोरीच्या भरवशावर. आता दोरी कापली गेली आणि अधिकार मात्र तिकडेच राहिले.

त्याचा अर्थ २०१९ साली दिसला. राष्ट्रीय आणीबाणीचा कायदा १९७६ चा. मूळ कायद्यात आणीबाणी संपवायला दोन्ही सभागृहांचा ठराव पुरेसा होता, राष्ट्राध्यक्षांची सही लागत नव्हती. चढ्ढा निकालानंतर ते टिकणार नव्हतं, म्हणून १९८५ साली तिथे संयुक्त ठराव आला, म्हणजे सही आली. आता सांगा, ज्याने आणीबाणी पुकारली तोच ती रद्द करण्यावर सही कशाला करेल? २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रम्प यांनी दक्षिण सीमेसाठी आणीबाणी जाहीर केली. प्रतिनिधीगृहाने ती संपवण्याचा ठराव २४५ विरुद्ध १८२ असा मंजूर केला, सिनेटने ५९ विरुद्ध ४१ असा. त्यात त्यांच्याच पक्षाचे बारा सिनेटर होते. १५ मार्चला ट्रम्प यांनी व्हेटो वापरला, त्यांच्या कारकिर्दीतला पहिला. तो मोडायला दोन तृतीयांश लागतात. प्रतिनिधीगृहात २४८ मतं पडली, अडतीस कमी. दोन्ही सभागृहांचं बहुमत एका बाजूला, आणि आणीबाणी जिथल्या तिथे.

बाबा म्हणाले, “म्हणजे द्यायला अर्धी मतं पुरतात आणि परत घ्यायला दोन तृतीयांश.”

इतक्या वर्षांत हे इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर निकाल बरोबरच होता. एका सभागृहाने, न वाचलेल्या कागदावर, न पाहिलेल्या माणसाला हद्दपार करावं, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. पण काँग्रेसने त्यानंतर जे करायला हवं होतं ते केलं नाही. अधिकार देतानाच त्याला मुदत घालायची, मुदत संपली की राष्ट्राध्यक्षांना पुन्हा दारात यायला लावायचं. ते घटनेत बसतं, त्याला कुणाचा व्हेटो आड येत नाही. त्यासाठी दरवेळी उघड मतदान करावं लागतं, नावानिशी, आणि तेच सभासदांना नको असतं. आपणहून सोडलेला अधिकार न्यायालय परत आणून देत नाही.

चौदाव्या कार्डाच्या मागचं ‘नियंत्रण आणि संतुलन’ बाबांनी पेन्सिलीने खोडलं आणि खाली लिहिलं, ‘प्रत्येकाला दुसऱ्याच्या सहीची गरज’. परीक्षेत हे चालणार नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी वरचं पुन्हा लिहिलं आणि खालचंही ठेवलं.

मुलाखत नेवार्कला झाली. दुभाषा म्हणून ओळखीच्या एक ताई होत्या, मी बाहेर बसले होते. तेव्हा दहापैकी सहा उत्तरं बरोबर आली की थांबत. गाडीत बसल्यावर बाबांनी सांगितलं की चौदावा विचारलाच नाही, विचारला तो तेहतिसावा: विधेयकावर सही करून त्याचा कायदा कोण करतं? राष्ट्राध्यक्ष, ते म्हणाले. आणि पुढे स्वतःहून सांगितलं की रविवार सोडून दहा दिवसांत त्यांनी सही केली नाही आणि काँग्रेस चालू असली, तर सहीशिवायही कायदा होतो. ताईंनी तेवढं सगळं भाषांतर केलं. ऑफिसरने मान हलवली, फॉर्मवर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.