मेमो खिशात होता, तरी वीस मिनिटं नुसता उभा राहिलो

भोसरीच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी शिफ्ट इन्चार्ज आहे. मे महिन्यातली गोष्ट आहे, मागच्या वर्षीची. सकाळी आलो तर टेबलावर क्वालिटीचा रिपोर्ट, सेकंड शिफ्टचे 60 शाफ्ट, त्यातले 14 रिजेक्ट, सगळे बेअरिंग सीटला, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जागी, अंडरसाइज, मापापेक्षा बारीक. मोठा राहिला तर परत एक कट घेता येतो पण कमी झाला की सरळ भंगार. आणि आठवड्यातली ही तिसरी वेळ, तिन्ही वेळा मशीनवर तोच पोरगा, लातूरकडचा, आयटीआय टर्नर, आमच्याकडे येऊन जेमतेम चार महिने झालेले, कॉन्ट्रॅक्टवर.

वरून सांगणं आलं की मेमो द्या, सुधारला नाही तर ब्रेक द्या, म्हणजे कामावरून कमी करा. मेमो टाईप करून सही करून खिशात ठेवला. त्या दिवशी घरी न जाता सेकंड शिफ्टला थांबलो ते खरं तर मेमो हातात द्यायलाच थांबलो होतो.

मशीनजवळ गेलो तर तो घाबरून काम थांबवून उभा राहिला. तेव्हा मनात काय आलं माहीत नाही, पण म्हटलं, तू तुझं काम कर, मी फक्त बघतोय. आणि खरंच वीस मिनिटं तोंड उघडलं नाही. हे फार अवघड असतं हो, वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला मधे न बोलता उभं राहणं.

पोरगं काम स्वच्छ करत होतं. जॉब क्लॅम्प नीट, मशीनच्या जबड्यातली बर, म्हणजे धातूचा कीस, एअर गननं उडवलेली, मायक्रोमीटरचं झिरो चेक केलेलं. ड्रॉइंगला 60 के6 म्हणजे माप 60.002 ते 60.021 एमएममध्ये हवं, सगळा मिळून 19 मायक्रॉनचा खेळ, मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. दार उघडलं, पीस काढला, फडक्यात धरून पुसला, लगेच मायक्रोमीटर लावला, 60.022. त्यानं पॅनेलवर जाऊन वेअर ऑफसेटला, म्हणजे टूलच्या झिजेसाठी मापात फरक भरतात तिथे, मायनस 10 मायक्रॉन दिले. बरोबरच आहे की, वर गेलंय म्हणून खाली आणलं, मीही तेच केलं असतं.

पण फडक्यात का धरतोय? मी तो पीस हातात घेतला आणि तेव्हा कळलं, चांगला गरम होता. उन्हाळा, वर पत्रा, त्यात कूलंटची टाकी पण अर्धीच भरलेली.

माझ्या डोक्यात तिथल्या तिथे पूर्ण हिशोब झाला. मायक्रोमीटर शेडच्या टेंपरेचरला आणि पीस त्याच्यापेक्षा पंधराएक डिग्री गरम, 60 एमएमच्या स्टीलला त्यात साधारण 10 मायक्रॉन वाढतात, म्हणजे टॉलरन्सचा, मापात चालणाऱ्या फरकाचा, अर्धा भाग नुसत्या उष्णतेनं खाल्ला. सेटिंगचा पहिला पीस क्वालिटीत जाऊन पडून राहतो, थंड होऊन मोजला जातो म्हणून तो कायम ओके, आणि पुढचे गरम मोजून हा खाली खेचतोय. तोंडावर आलं होतं सगळं सांगायचं. नाही सांगितलं. म्हटलं, "हाच पीस बाजूला ठेव, पंधरा मिनिटांनी परत मोजशील का? आणि तोपर्यंत ऑफसेट होता तिथे आण."

पंधरा मिनिटांनी त्यानं मोजला. मग परत पुसून मोजला. मग मायक्रोमीटरचं झिरो बघितलं आणि तिसऱ्यांदा मोजला. 60.012.

"सर, हा तर मधोमध आहे."

"मग मघाशी काय झालं असेल?"

बराच वेळ गप्प. मग त्यानं पीस फडक्याशिवाय हातात घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. "गरम होता सर. फुगला होता." आणि मग अगदी हळू आवाजात, "पण तुम्हीच म्हणाला होता ना, पीस निघाला की लगेच मोजायचा, हातात ठेवायचा नाही."

म्हणालो होतो. फेब्रुवारीत तो नवीन असताना सहा-सात पीस न मोजता काढले होते त्याने म्हणून मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो. कारण नव्हतं सांगितलं, फक्त ऑर्डर दिली होती. जुने लोक पीस ट्रेमध्ये ठेवतात, चहाचा घोट घेतात, मग मोजतात, त्यांना कोणी शिकवलेलं नाही, सवयीनं आलंय. या पोरानं माझा शब्द जसाच्या तसा पाळला. मग इतके दिवस विचारलं का नाहीस म्हटलं तर खाली बघून म्हणाला, "विचारलं की ओरडा बसतो सर."

माझ्या ड्रॉवरमध्ये एका जुन्या ट्रेनिंगचं कार्ड पडलंय, टीडब्ल्यूआयचं, म्हणजे ट्रेनिंग विदिन इंडस्ट्रीचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत लाखो नवख्या लोकांना पटकन तयार करायला काढलेली पद्धत ती, युद्धानंतर जपानमध्ये गेली, टोयोटानं उचलली. तयारी करून घ्या, करून दाखवा, त्याला करू द्या, नंतर येऊन बघा, अशा चार पायऱ्या. आणि एक ओळ, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. त्या ट्रेनिंगला मी मान डोलावून आलो होतो. चौथी पायरी मी त्या पोराच्या बाबतीत चार महिन्यांत एकदाही चढलो नव्हतो.

त्या रात्री मी त्याला विचारलं, आता काय करूया? मला वाटलं पंखा लाव वगैरे म्हणेल. तो म्हणाला, "सायकल सात मिनिटांची आहे सर, मी दोन पीस मागचा मोजतो, तोवर चौदा मिनिटं होतात." मी म्हटलं मग मधले दोन पीस रिस्कवर जातील. त्यानं विचार केला, म्हणाला नवीन इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, लावला की पहिले तीन थांबून मोजतो, मग पुढे दोन मागचा. क्वालिटीवाल्यांशी बोललो, ते तयार झाले. त्यानंच मार्करनं ट्रेवर 1, 2, 3 असे खण आखले. कूलंटच्या टाकीचं मात्र माझं काम होतं, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी करून घेतलं.

मेमो मी फाडला, वर जाऊन काय झालं ते सांगितलं, थोडं ऐकून घ्यावं लागलं, ऐकलं. पुढच्या आठवड्यात अंडरसाइज एकही नाही आला त्याच्या मशीनवर, आणि पहिल्या शिफ्टच्या काकांनी पण तसाच ट्रे आखून घेतला.

दहा-बारा दिवसांनी रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, आधी कधीच आला नव्हता. "सर, रीडिंग हळूहळू वर सरकतंय, थंड पीसला पण. इन्सर्ट गेलाय का?"

"तुला काय वाटतं?"

"गेलाय. बदलतो, आणि पहिले तीन थांबून मोजतो."

"मोज," म्हटलं, आणि जेवायला बसलो.