यॉर्कच्या झिजलेल्या सुऱ्या

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचं कॅथेड्रल पाहिलं, शहराच्या तटबंदीवरून अर्धा फेरा मारला, पाऊस आला म्हणून उतरलो. त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. मी अडकलो तो सुऱ्यांपाशी.

कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ उत्खनन झालं. माती इतकी ओली आणि हवाबंद, की हजार वर्षांपूर्वीचं लाकूड-चामडंसुद्धा कुजलं नाही. त्याच जागी आज योर्विक व्हायकिंग सेंटर हे संग्रहालय आहे; व्हायकिंग म्हणजे उत्तरेकडून समुद्रामार्गे येऊन इथे वसलेली माणसं. फिरत्या डब्यात बसून त्यांच्या उभारलेल्या जुन्या वस्तीतून, संडासाच्या वासासकट, फिरता येतं. पोरांना तेच आवडतं. त्यानंतरच्या काचेच्या कपाटांशी मात्र कुणी थांबत नाही, धक्के मारत पुढे जातात.

तिथे लोखंडी सुऱ्या आहेत. बोटभर लांबीच्या, गंजलेल्या, कित्येकींची धार मधेच आत गेलेली. आमच्या आजीची विळी थेट अशीच झिजली होती.

ती झीज का, हे कळल्यावर मी हललोच नाही. पोलाद महाग, म्हणून लोहार सगळं पातं पोलादाचं करत नसे. नरम लोखंडाच्या पाठीला धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडायची, नाहीतर दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे पोलाद घालायचं. दगडावर घासून घासून पोलाद संपलं, की उरलं ते नुसतं लोखंड. त्याला धार टिकत नाही. आणि तो दगडही कुठला? बरेचसे नॉर्वेतल्या टेलेमार्कमधल्या आइड्सबोर्गच्या खाणींचे. धार लावायला समुद्रापलीकडून दगड आणणारी ही माणसं, आणि आपण त्यांना फक्त तलवारी नि लुटालुटीसाठी ओळखतो!

सुरी कमरेला, चामड्याच्या म्यानात. तिनेच मासा साफ करायचा, चामडं कापायचं, लाकूड तासायचं आणि जेवायलाही तीच. काटे इंग्लंडच्या ताटात यायला सतरावं शतक उजाडावं लागलं. व्हायकिंगांच्या आधी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या कबरींत तर बायकांजवळ, लहान मुलांजवळही सुऱ्या सापडतात.

बाहेरच्या एका दुकानात शिंगांची शिरस्त्राणं होती (व्हायकिंग तसली घालत नसत), रबरी कुऱ्हाडी होत्या. साधी सुरी विचारली, तर दुकानदार म्हणाला, अठराच्या आतल्यांना विकायला कायद्याने बंदी, म्हणून ठेवतच नाही. मग चहा प्यायलो. तो मात्र वाईट होता आणि महागही.