घोडा दुगाण्या झाडतो तेव्हा इथे डॉक्टर बोलावतात

इथे इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये लेक ज्या तबेल्यात रायडिंग शिकते तिथला एक एरवी गरीब घोडा मागच्या महिन्यात दुडक्या चालीत असताना अचानक मान खाली घालून दुगाण्या झाडायला लागला. लेक पडली नाही, बाईंनी शिकवलेलं तसं अंग मागे, टाचा खाली, आणि त्याची मान वर ओढून धरली, कारण मान वर असली की घोड्याला पाठ कमानदार करून नीट उसळताच येत नाही. मला वाटलं आता बाई त्याला दोन चक्कर पळवून जिरवतील. तर नाही! लेकीला उतरवलं, खोगीर काढलं, आणि डॉक्टर बघेपर्यंत ह्याच्यावर कोणीही बसायचं नाही म्हणाल्या. क्लास गेला, फी गेली, मी चिडलेच.

पण मग तपासणी बघितली. पाठ, दात, पोटात अल्सर आहे का, सगळं, आणि शेवटी कारण निघालं खोगीर. वसंतातल्या कसदार गवताने घोडा भरला होता आणि हिवाळ्यात बेतलेलं खोगीर त्याच्या खांद्यामागे रुतत होतं. स्यू डायसन नावाच्या इथल्या पशुवैद्य आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २४ वागणुकींची यादी मांडली, कान मागे पाडणं, शेपूट झटकत राहणं, दुगाण्या वगैरे, त्यातल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर घोड्याला दुखत असण्याची दाट शक्यता. बोलता येत नाही त्या जनावराचं म्हणणं इतक्या बारकाईने ऐकायचं, ह्याला मी मनापासून मानते.

फक्त तिथल्या एका आईने "तुमच्याकडे मारतात ना घोड्यांना" असं विचारलं तेव्हा मी गप्प बसले नाही. मी ग्वाल्हेरची, तेही लश्करची, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभं राहिलेलं गाव आमचं! शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, घोडा गेला की पोट गेलं, तो काय पाठ न बघता खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) कसणार होता? खरारा करताना हात फिरतो तेव्हाच सूज, जखम कळते, हे आपल्या मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, यादीशिवाय माहीत होतं. टांग्याच्या घोड्यांचे हाल मीही बघितलेत, पण ती गरिबी हो, टांगेवाल्याचंही पोट तेवढंच खपाटीला गेलेलं असायचं, त्याने डॉक्टर कुठून आणायचा?

आता रुंद खोगीर आलंय, बाई सध्या त्याला नुसता चालवतात, लेक पुढच्या महिन्यात बसेल. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा-पणजोबा शिंद्यांच्या पागेत असतील तर अडेल घोड्याला ते कसं हाताळायचे ते कमेंटमध्ये नक्की लिहा, मला ह्या बाईंना सांगायचंय.