हिप्परग्याच्या पाण्यात उजवं-डावं

हुतात्मा एक्स्प्रेसनं रात्री सोलापुरात उतरलो आणि सकाळीच मावसभावाच्या सहावीतल्या लेकीला घेऊन हिप्परग्याचा तलाव गाठला. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, खिशात भिंग.

काठच्या पाणवनस्पती काचेच्या बरणीत घातल्या आणि बरणी सावलीत, दगडावर ठेवून दिली. हलवायची नाही, एवढंच पथ्य. बऱ्याच वेळानं एका पानाखालून दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी हळूहळू लांबायला लागलं. हायड्रा! गोड्या पाण्यातला चिमुकला प्राणी, जेमतेम सेंटिमीटरभर. बूड पानाला चिकटलेलं, तोंडाभोवती सहा शुंडकं पसरलेली. पोरीनं भिंगाला डोळा लावला तो काढीचना. मग म्हणाली, "काका, याची उजवी बाजू कुठली?"

इतका नेमका प्रश्न मला शाळेत कधी सुचला नव्हता. त्याला उजवी बाजू नाहीच. चाकाच्या आऱ्यांसारखं मध्याभोवती सगळीकडे सारखंच; पुस्तकात यालाच अरीय सममिती म्हणतात. बराच वेळ एका जागी चिकटून राहणाऱ्याकडे भक्ष्य कुठूनही येऊ शकतं, म्हणून सगळ्या बाजू सारख्या. जो एका दिशेनं चालतो त्याला पुढचं टोक लागतं. डोळे, तोंड, मेंदू तिथे जमतात, आणि मग उजवं-डावं आलंच.

तेवढ्यात तिला चिखलात गोगलगाय सापडली. डोकं बघावं तर दोन्हीकडे सारखं, पाठीवर मात्र पिळाचा शंख. टोक वर, तोंड आपल्याकडे धरलं की उघडी बाजू उजवीकडे. गोगलगाईच्या कुळात पिलू अळीच्या अवस्थेत असतानाच आतलं शरीर 180 अंशांत वळतं आणि गुदद्वार डोक्यावर येतं! तारामाशाचं आणखी नवल: अळी असताना द्विपार्श्व, म्हणजे उजवं-डावं जुळणारा, मोठेपणी पाच हातांचा. आपलंही बाहेरून जुळतं, आत यकृत उजवीकडे.

परतताना अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, भावाच्या ओळखीच्या कारखान्यात डोकावलो. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर चालू होती. मागवाले काका आवाजावर आवाज चढवून सांगत होते, नक्षी अर्धीच काढायची; एका हुकाला दोन्हीकडच्या दोऱ्या बांधल्या की उरलेली अर्धी आपोआप उलटी उमटते. गर्भात अशी दोरी नसते. दोन्ही हात आपापले वेगळे वाढतात आणि तरी जुळतात. माझं मन कितीतरी वेळ तिथेच घुटमळत राहिलं.

पोरगी मात्र चादर मधोमध दुमडून मोराला मोर लावून बघत होती.