टॉम किमची वही, महिना पाचवा

विंडहॅम चॅम्पियनशिप या गोल्फ स्पर्धेची चारही पानं अखेर पूर्ण झाली. एका स्पर्धेवर पाच आठवडे गेले, पण मुळात वही घेतली होती ती या चार पानांसाठीच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. कोरियाचा गोल्फर किम जू-ह्युंग, म्हणजे आपला टॉम किम (लहानपणी थॉमस नावाच्या आगगाडीचं वेड होतं, त्यावरून 'टॉम'), त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतले राउंड (एक राउंड म्हणजे १८ होल) मी चौकटीच्या वहीत हाताने उतरवतोय. एका होलला एक घर. बर्डीला (पार, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) लाल गोल, ईगलला (दोन कमी) दुहेरी गोल, बोगीला (एक जास्त) निळी चौकट, डबल बोगीला (दोन जास्त) दुहेरी चौकट. पार असेल तर नुसता आकडा.

विंडहॅमच्या पहिल्या पानावर पहिल्याच घरात माझी पेन्सिल अडली. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोचा सेजफिल्ड कोर्स (गोल्फचं मैदान), ऑगस्ट २०२२, पहिला दिवस, पहिला होल, पार ४. टॉमचा स्कोअर ८. बोगीला एक चौकट, डबलला दोन, म्हणजे इथे एकात एक अशा चार काढायच्या. घर पाच मिलिमीटरचं. चौथी चौकट शेजारच्या घरात घुसली. खोडून पुन्हा काढली, पुन्हा घुसली. शेवटी तशीच ठेवली. आता पान उघडलं की नजर आधी तिथेच जाते, आणि ते बरंच झालं.

कारण त्याच पानाच्या शेवटी बेरीज आहे ६७. पार ७० च्या कोर्सवर चार वर जाऊन सुरुवात केलेल्या मुलाने उरलेल्या १७ होलमध्ये सात खाली खेळून दाखवलं. पुढची पानं ६४, ६८ आणि ६१. एकूण २६०, पारपेक्षा २० खाली, दुसऱ्या क्रमांकावरच्या सुंगजे इम आणि जॉन ह्यूपेक्षा पाच शॉट पुढे. वादळी हवेमुळे तिसरा राउंड रविवारी सकाळी संपवावा लागला होता, तरी दुपारी हा ६१ खेळला. रविवारच्या पानावर पहिल्या नऊ घरांत इतका लाल रंग झालाय की मागच्या पानावर उमटलाय: दुसरा, तिसरा, चौथा बर्डी, पाचवा ईगल, सहावा बर्डी, मग आठवा आणि नववा बर्डी. नऊ होल २७ मध्ये. ते उतरवताना मी उभा राहून लिहीत होतो, बसवेना.

तेव्हा तो वीस वर्षांचा. 'हा पोरगा एकदम कुठून उगवला?' असं त्या आठवड्यात खूप जणांनी विचारलं होतं. त्यांना ही वही दाखवायला हवी. विंडहॅमच्या आधीची पानं निम्म्याहून जास्त आहेत! वडील गोल्फ शिकवणारे, त्यामुळे जन्म सोलचा (२००२) असला तरी बालपण ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स, थायलंड असं फिरतीत गेलं. पंधराव्या वर्षी प्रोफेशनल. २०१९ मध्ये एशियन डेव्हलपमेंट टूरवर (टूर म्हणजे व्यावसायिक स्पर्धांची मालिका) तीन स्पर्धा जिंकून तो वरच्या एशियन टूरवर गेला, आणि तिथला पहिला विजय आपल्याकडचा: नोव्हेंबर २०१९, गुरुग्रामजवळच्या क्लासिक गोल्फ अँड कंट्री क्लबवर पॅनासॉनिक ओपन इंडिया. ५४ होलची झालेली स्पर्धा, आणि आपले शिव कपूर आणि चिक्करंगप्पा एका शॉटने मागे राहिले. सतरा वर्षांचा होता तो. मग जुलै २०२० मध्ये कोरियाच्या टूरवर गुन्सान ओपन, २०२१ मध्ये एसके टेलिकॉम ओपन आणि त्या वर्षी तिथल्या कमाईच्या यादीत पहिला नंबर, जानेवारी २०२२ मध्ये सिंगापूर इंटरनॅशनल. जुलैमध्ये स्कॉटिश ओपनला तिसरा. माझ्या मते विंडहॅमचा तो ८ पचवण्याची ताकद या पानांमधून आली. इतक्या देशांत, इतक्या तऱ्हेच्या गवतावर हा मुलगा आधीच चुकलेला होता.

आता माझ्या सरावाबद्दल. ते पान पूर्ण झाल्यापासून रविवारच्या राउंडला एक प्रयोग चालू केलाय. पहिला होल खेळायचा, पण कार्डावर ८ लिहायचे, काहीही पडलं तरी. मग उरलेले १७ होल त्या ८ सकट खेळायचे. माझा हँडिकॅप १८, म्हणजे एका राउंडला पारपेक्षा साधारण १८ फटके जास्त. पहिल्या रविवारी चार शॉट लगेच भरून काढायच्या नादात प्रत्येक ग्रीनवर (होलभोवतीचं बारीक गवत) थेट झेंड्यावर मारत गेलो आणि पाण्यात दोन बॉल गेले, ९९ झाले. दुसऱ्या रविवारी कॅडी दादा म्हणाले, "साहेब, ग्रीनच्या मध्यावर मारा ना, आठ गेले ते गेले." ९४. तिसऱ्या रविवारी ९२, आणि सलग सहा होल एकही डबल नाही. हे सहा घरांचं पान मी टॉमच्या वहीत मागच्या बाजूला चिकटवलंय.

पुढचं काम दोन भागांत. प्रेसिडेंट्स कप ही संघांची स्पर्धा मॅच प्ले (एकूण फटके न मोजता एकेक होल जिंकायचा) असल्यामुळे घरांची पद्धत बदलावी लागेल. क्वेल हॉलो कोर्सवर जोडीदार सी-वू किमबरोबर खेळताना शेवटच्या होलवर दोन नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) मारलेला तो शॉट, मग पट (ग्रीनवरचा हलका फटका), मग टोपी जमिनीवर फेकणं, यासाठी एक अख्खं पान राखून ठेवलंय. त्यानंतर ऑक्टोबर २०२२, लास व्हेगासचं श्रायनर्स ओपन. शेवटच्या होलच्या टीवर (पहिला फटका मारायची जागा) तो आणि पॅट्रिक कँटले बरोबरीत होते, कँटलेचा ट्रिपल बोगी झाला आणि टॉम तीन शॉटने जिंकला. चार दिवस, ७२ होल, एकही बोगी नाही. निळी पेन्सिल त्या पानांवर लागणारच नाही, लाल मात्र आता बोटभरच उरलीय. तुमच्यापैकी कोणी मॅच प्लेचे होल घरांत कसे मांडता? जिंकलेला, हरलेला आणि बरोबरीतला होल, तिन्ही पटकन वेगळे दिसायला हवेत.