मॉनिटर कॅलिब्रेट केला, मग साड्यांचे रंग बसले

मावशी इंदूरच्या रामबागेतल्या घरातून महेश्वरी साड्या विकते. महेश्वरहून माल ती आणते, फोटो मी काढतो आणि कॉम्प्युटरवर त्यांचे रंगही मीच बसवतो. पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकांकडून "फोटोत जरा वेगळी वाटली होती" असं यायला लागलं, तेव्हा मावशीचा निकाल तयार होता: कॅमेरा बदल. मला ते पटेना. एकच साडी माझ्या मॉनिटरवर डाळिंबी दिसायची आणि लॅपटॉपवर विटकरीकडे झुकायची. फाइल तीच, मग कॅमेऱ्याला का धरायचं?

मॉनिटर कॅलिब्रेट करणं म्हणजे त्याचे रंग आणि उजेड मोजून ठरलेल्या मापावर आणणं. ते नुसत्या डोळ्यांनी होत नाही. पिवळट पडद्यासमोर थोडा वेळ बसलं की डोळे त्यालाच पांढरा मानतात. त्यासाठी रंग मोजणारा कलरिमीटर लागतो: पडद्यावर टेकवायचं, यूएसबीला जोडायचं, माउसएवढं यंत्र. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्याकडे होतं आणि मुहूर्तांचा हंगाम नव्हता, त्यामुळे मिळालं. हे यंत्र महिन्यातून एकदा लागतं. विकत घेण्याआधी गावातल्या फोटोग्राफरांकडे विचारून पाहावं.

यंत्र लावण्याआधीची तयारीच जास्त होती. मॉनिटरचा झगझगीत मोड, आपोआप कमीजास्त होणारा कॉन्ट्रास्ट, विंडोजचा पडदा पिवळट करणारा नाइट लाइट, सगळं बंद केलं. पडदा अर्धा तास चालू ठेवला, कारण तापेपर्यंत त्याचा उजेड आणि रंग हलत राहतात. शिवाय खोली! आमच्या भिंती पिस्ता रंगाच्या, दुपारी खिडकीतून ऊन आलं की सगळ्या खोलीत हिरवट झाक. खिडकीला जाड पडदा लावला आणि मॉनिटरमागच्या भिंतीवर राखाडी चादर टांगली. मावशी म्हणाली, "हे काय, सुतक आहे का घरात?"

सॉफ्टवेअर म्हणून डिस्प्लेकॅल वापरलं. ते मोफत आहे आणि ग्रॅम गिल यांच्या आर्गिल सीएमएस या रंग सांभाळणाऱ्या प्रणालीवर चालतं. त्यात मॉनिटरचा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, कोणत्या जातीचा ते आधी सांगावं लागतं, नाहीतर कलरिमीटरचं मोजमापच चुकतं. मग लक्ष्य ठरवायचं: पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास, म्हणजे डी६५ (दिवसाच्या उजेडाचा ठरलेला पांढरा), गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते) २.२, आणि उजेड १२० कँडेला प्रति चौरस मीटर.

खरा फरक या उजेडाने पडला. बाजारातून आलेले मॉनिटर सहज २५० कँडेला किंवा त्याहून जास्त उजेड फेकतात. इतक्या लख्ख पडद्यावर आपल्या हातून फोटो नकळत गडद केला जातो, आणि तो साध्या पडद्यावर किंवा कागदावर मळकट दिसतो. गिऱ्हाइकांच्या निम्म्या तक्रारी यातूनच आल्या असाव्यात असं मला वाटतं. ब्राइटनेस उतरवल्यावर पहिला दिवस पडदा आजारी वाटला, नंतर सवय झाली. यंत्र मिळालंच नाही, तरी एवढं एक काम प्रत्येकाने करावं.

पुढची पायरी मॉनिटरच्याच मेनूमधले लाल, हिरवा, निळा हे आकडे हलवून पांढरा जागेवर आणण्याची. तो जितका मॉनिटरमध्ये सुधारेल तितका सुधारावा. उरलेलं काम ग्राफिक्स कार्डावर ढकललं जातं, आणि आठ बिटांच्या साध्या जोडणीत प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. त्यातल्या काही गेल्या की फिकट पदरावर पट्टे उमटतात. माझा निळा बराच खाली आणावा लागला. त्यानंतर यंत्र टेकवून बसायचं. पडद्यावर एकामागून एक रंगांचे ठोकळे येत राहतात, प्रोग्राम मोजत राहतो. चहा करून घ्यावा.

शेवटी आयसीसी प्रोफाइल तयार होतं. हा पडदा कोणता आकडा कसा दाखवतो, याची ती नोंद. १९९३ साली अ‍ॅपल, अडोबी, कोडॅक वगैरे आठ कंपन्यांनी एकत्र येऊन याचं सामाईक स्वरूप ठरवायला घेतलं, म्हणून ते सगळीकडे चालतं. तपासणीत सरासरी डेल्टा-ई, म्हणजे हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांतल्या फरकाचा आकडा, १ च्या आत आला. साधारण १ म्हणजे शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्याला जेमतेम कळेल इतका फरक. लॅपटॉपचंही प्रोफाइल केलं. त्याचा पडदा मुळातच कमी रंगांचा, त्यामुळे तो सुधारला पण बरोबरीला आला नाही. आता त्यावर रंगांचं काम करत नाही.

डाळिंबी, अंजिरी, हळदी, वांगी हे बसले. अडला तो रामा. वेबवरचे फोटो रंगांच्या ज्या ठरावीक चौकटीत, एसआरजीबीत, जातात, ती १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने त्या वेळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांवरून आखली. हिरव्या-निळ्याच्या मधल्या भडक छटांकडे ती तोकडी आहे, आणि माझा मॉनिटरही जवळपास तेवढाच दाखवतो. सॉफ्टवेअरमध्ये चौकटीबाहेरचे रंग दाखवणारा इशारा चालू केला, तर काही रामा साड्यांचं जवळजवळ सगळं अंगच त्यात आलं. कॅलिब्रेशनचा तिथे इलाज नाही. तीव्रता थोडी उतरवायची, पण छटा निळ्याकडे सरकू द्यायची नाही; आणि खाली लिहायचं, "प्रत्यक्षात रंग अधिक गडद आहे".

गिऱ्हाइकाचा मोबाइल तर माझ्या हातात नाहीच. त्यावर व्हिव्हिड मोड असेल तर अबोलीसुद्धा पेटल्यासारखी दिसणार. फायदा एवढाच की आता तक्रार आली तर माझ्या बाजूचा रंग बरोबर आहे, हे मी मोजून सांगू शकतो.

धूपछाव साड्यांचं मात्र अजून मावशीशी वाजतं. महेश्वरीत ताणा रेशमी आणि बाणा सुती. दोन्ही वेगळ्या रंगांत घेतले की कोन बदलला की रंग बदलतो. कोणता खरा मानायचा? मावशी म्हणते, अंगावर दिसतो तो. मी म्हणतो, दोन्ही. सध्या अशा साडीचे दोन फोटो टाकतो, एक समोरून आणि एक तिरक्या उजेडात, आणि आधी कोणता लावायचा ते मावशी ठरवते.