ई-कॅडहेरिन निगेटिव्ह म्हणजे चांगलं का?

ब्रेस्टच्या बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला येणारी माणसं एका ओळीवर हमखास बोट ठेवतात, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह, आणि विचारतात, मॅडम निगेटिव्ह आलंय म्हणजे चांगलं ना? मी परळला लॅबमध्ये काम करते त्यामुळे हे सारखं कानावर येतं, आणि काउंटरवर घाईघाईत सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितेय.

ई-कॅडहेरिन हे पेशीच्या अंगावरचं प्रोटीन, शेजारच्या पेशीवरच्या तशाच प्रोटीनला ते धरून ठेवतं, त्यामुळे पेशी जागच्या जागी राहतात. स्लाइडवर स्टेन केलं की जिथे ते आहे तिथे पेशीची कड तपकिरी दिसते. लोब्युलर प्रकारात (ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभरातल्या साधारण १० ते १५ केसेस) ती कड बहुतेक वेळा दिसतच नाही. पकड सुटलेली असते, मग पेशी गोळा करून न बसता मुंग्यांसारख्या एकामागे एक पसरत जातात. म्हणूनच कितीतरी बायकांच्या हाताला गाठ लागत नाही, मॅमोग्राफीतही सुटू शकतो, आणि ह्याचं मला खरंच फार वाईट वाटतं कारण त्या बाईने सगळं वेळेवर केलेलं असतं हो.

तर हा निगेटिव्ह चांगलं-वाईट सांगत नाही, प्रकार सांगतो. आणि लोब्युलर बहुतेकदा हार्मोन पॉझिटिव्ह असतो, म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढतो, त्याला हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात, तेव्हा धीर सोडू नका.

मग ही चिकटाचिकटीच औषधाने थांबवा ना, असं वाटतं. पण कॅन्सरला एकीकडे पकड सोडायची असते आणि दुसरीकडे नव्या जागी पाय रोवायचे असतात, तिथे इंटेग्रिन नावाचे रिसेप्टर (पेशीवरचे पकड घेणारे रेणू) येतात, माणसात २४ प्रकारचे. त्यातले काही अडवणारं सिलेंजिटाइड हे औषध मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा ह्या कॅन्सरवर मोठ्या ट्रायलमध्ये देऊन बघितलं, २०१४ मध्ये रिझल्ट छापून आले, पेशंटचं आयुष्य वाढलं नाही. मला त्यापेक्षा दुसरी आयडिया जास्त पटते, पकड तोडत बसायचं नाही, त्या रेणूचा पत्ता म्हणून वापर करायचा. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये पेशींवर नेक्टिन-४ हा चिकटणारा रेणू भरपूर असतो, एनफोर्टुमॅब व्हेडोटिन त्यालाच जाऊन धरतं आणि पेशी मारणारं औषध आत पोचवतं. अमेरिकेत २०१९ ला मंजूर झालं.

अजून एक, आणि हे नीट वाचा. ई-कॅडहेरिनचा जीन म्हणजे सीडीएच१. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांमध्ये त्यातला आनुवंशिक बिघाड सापडला, पिढ्यानपिढ्या जठराचा कॅन्सर होत होता त्यांच्यात. असा बिघाड असलेल्या बायकांना लोब्युलरचाही धोका वाढतो. असं क्वचितच असतं, पण आपल्याकडे घरात 'आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले' एवढंच माहीत असतं, पुढे कुणी विचारत नाही. लोब्युलर निघाला असेल आणि घरात कुणाला, विशेषतः कमी वयात, जठराचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि जेनेटिक काउन्सेलिंगचं विचारा.